ऊर्जा प्रदर्शनाला इंजिनिअरने जाताना काय न्यावं, येताना काय आणावं?

ऊनवारा
नमस्कार मंडळी. सोलर प्लांटच्या देखभालीत, म्हणजे ओ अँड एममध्ये, मी सहा वर्षं आहे. पुढच्या महिन्यात अक्षय ऊर्जेचं तीन दिवसांचं मोठं प्रदर्शन आहे. कंपनीने एका दिवसाची परवानगी दिली आहे, दुसऱ्या दिवसासाठी मी स्वतःची रजा टाकणार आहे.

दोन वर्षांपूर्वी एकदा गेलो होतो. सकाळी दहाला आत शिरलो, संध्याकाळी सहाला बाहेर पडलो. हातात माहितीपत्रकांच्या चार पिशव्या आणि खिशात तीसेक व्हिजिटिंग कार्डं. महिन्याभराने कपाट आवरताना ती कार्डं निघाली, तेव्हा एकाही नावावरून चेहरा आठवेना. तेव्हापासून मनात सल आहे.

प्लांट वस्तीपासून लांब. स्काडाचे, म्हणजे देखरेखीच्या संगणकाचे अलार्म, स्ट्रिंगचे, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेचे फॉल्ट, पॅनलची धुलाई, महिन्याचा रिपोर्ट, आणि बोलायला तेच चौघं. आमचे पॅनल मोनो पर्कचे, म्हणजे आधीच्या पिढीच्या सेलचे आहेत. बाहेर सगळे टॉपकॉन या नव्या तऱ्हेच्या सेलबद्दल आणि ग्रिडचा व्होल्टेज स्वतः उभा करणाऱ्या ग्रिड फॉर्मिंग इन्व्हर्टरबद्दल बोलतात, आणि आपण जागच्या जागी राहिलो की काय अशी भीती वाटते. त्यात अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायला जीभ रेटत नाही.

तर, ज्यांना अशा प्रदर्शनाचा खरोखर उपयोग झाला त्यांनी सांगावं, तुम्ही तिथे नेमकं काय केलंत?

गिअरबॉक्स
पवनचक्क्यांमध्ये सतरा वर्षं काढली. एकच सांगतो, माहितीपत्रक हातात घेऊ नका. हात मोकळा असला की माणूस बोलतो.

रोखठोक
माझं मत वेगळं आहे. प्रदर्शन हा विक्रीचा बाजार आहे, शिकायची जागा नाही. स्टॉलवरच्या माणसाला त्याचा माल खपवायचा असतो. शिकायचं असेल तर घरी बसून शिका. आयईए पीव्हीपीएस या सौरऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संशोधन कार्यक्रमाच्या टास्क १३ चे अहवाल फुकट मिळतात. पॅनल आणि प्लांटमधले दोष, त्यांची कारणं, ते शोधायच्या पद्धती, सगळं तपशिलात आहे. पीव्हीलिब ही पायथनची लायब्ररीही मोफत आहे, आपल्या प्लांटचा हवामानाचा डेटा घालून अपेक्षित वीज स्वतः काढून बघा. दोन दिवसांची रजा यात घातलीत तर जास्त हाती लागेल.

गिअरबॉक्स
@रोखठोक, अहवाल वाचायलाच हवेत, वाद नाही. पण अहवालात बोट फिरवून बघता येत नाही.

एका प्रदर्शनात भाषणाच्या रांगेत माझ्यापुढे एकजण उभा होता. दोरीवर लटकून पात्यांची दुरुस्ती करणारा. मोठ्या पात्याचं टोक सेकंदाला ८०-९० मीटर वेगाने फिरतं, त्या वेगाला पावसाचा थेंबही खड्यासारखा लागतो आणि पात्याची पुढची कड झिजते, हे मी वाचलेलं होतं. त्याच्याकडे कापलेल्या कडेचा वीतभर तुकडा होता. त्याने माझा अंगठा धरला आणि त्या कडेवरून फिरवला. आधी गुळगुळीत, मग बारीक वाळूसारखं, मग एका जागी नख अडकलं. म्हणाला, "नख अडकायच्या आत दुरुस्ती करायची. अडकल्यावर खर्च वाढतो." आजही ड्रोनचे फोटो बघताना मला तो स्पर्श आठवतो.

नवखी
मी शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकल. आम्हा विद्यार्थ्यांना स्टॉलवर कुणी दाद देतं का? गेल्या वेळी गळ्यातला विद्यार्थ्याचा बिल्ला बघूनच एकदोघांनी तोंड फिरवलं.

पलीकडची बाजू
मी टेबलाच्या पलीकडे उभा असतो. एका इन्व्हर्टर कंपनीत ॲप्लिकेशन इंजिनिअर आहे. तिकडून काय दिसतं ते सांगतो.

पहिल्या दिवशी उद्घाटन, पाहुणे, वरिष्ठ अधिकारी. आम्ही कुणाशीच धड बोलू शकत नाही. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या भेटी. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर गर्दी ओसरते, आणि तेव्हा कुणी खरा प्रश्न घेऊन आला तर आम्ही खुर्ची ओढून बसवतो. @ऊनवारा, रजा तिसऱ्या दिवशीची टाका.

दुसरं, स्टॉलवर दोन तऱ्हेची माणसं असतात. पुढे उभी असतात ती विक्रीची. तांत्रिक माणूस बहुधा मागे लॅपटॉप घेऊन असतो. "हे मशीन साइटवर चालू कोण करतं? त्यांच्याशी बोलता येईल का?" असं सरळ विचारा. विक्रीवाल्यालाही बरंच वाटतं, कारण त्याला उत्तर द्यायचं नसतं.

आणि "तुमच्या प्रॉडक्टबद्दल सांगा" असं कृपा करून विचारू नका. दिवसातून शंभरदा तेच पाठ म्हणून दाखवलेलं असतं. "४५ डिग्रीला तुमचा इन्व्हर्टर किती किलोवॅट देतो? डीरेटिंगचा, म्हणजे उष्णतेने क्षमता घटण्याचा आलेख दाखवा" असं विचारलंत की मी जागा होतो. नावाच्या पट्टीवरची क्षमता कोणत्या तापमानापर्यंत टिकते ते प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ते पहिल्या पानावर कुणी छापत नाही.

@नवखी, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. आमच्यातल्या काहींचं असं वागणं चुकतंच. मोजणीची उपकरणं विकणाऱ्यांच्या स्टॉलवर जा, तिथे हात लावू देतात. आय-व्ही ट्रेसर (पॅनलचा करंट-व्होल्टेज आलेख काढणारा), थर्मल कॅमेरा, इन्सुलेशन टेस्टर, सगळं चालवून बघा. थर्मल कॅमेऱ्यावाल्याला विचारा, पॅनल तपासताना ऊन किमान किती हवं? आयईसी ६२४४६-३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चौरस मीटरला ६०० वॅट. हे माहीत असलेल्या विद्यार्थिनीला मी तरी लगेच विसरणार नाही.

डेटाशीट
पलीकडची बाजू यांनी विषय काढलाच आहे तर पॅनलबद्दलही लिहितो.

पॅनलवरचे वॅट हे १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेलचं तापमान २५ डिग्री धरून असतात. भर उन्हात सेल सहज ६५ डिग्रीला जातो. म्हणजे ४० डिग्री वर. तापमान गुणांक डिग्रीमागे उणे ०.३५ टक्के असेल तर १४ टक्के घट, उणे ०.३० असेल तर १२ टक्के. पर्क आणि टॉपकॉनच्या गुणांकात साधारण एवढाच फरक असतो. ऊनवारा, "टॉपकॉन म्हणजे काहीतरी जादू" असं वाटत असेल तर हा हिशेब कागदावर करा, भीती कमी होईल. मागच्या बाजूने मिळणारी जास्तीची वीज वगैरे गोष्टी आहेतच, पण पाया तोच आहे. तुम्ही सहा वर्षं जे केलंत ते वाया गेलेलं नाही.

स्टॉलवर सगळे आयईसी ६१२१५ चं सर्टिफिकेट दाखवतात. त्यात उणे ४० ते ८५ डिग्रीच्या २०० फेऱ्या असतात, ८५ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास असतात, २५ मिलिमीटरच्या गारेचा मारा असतो. पण खरा प्रश्न पुढचा आहे. सर्टिफिकेट ज्या बिल ऑफ मटेरियलवर मिळालं, म्हणजे जो सेल, जो एनकॅप्सुलंट (सेलभोवतीचा चिकट थर), जी बॅकशीट (मागचं आवरण), तेच सामान आमच्या ऑर्डरमध्ये असेल का? ते लिहून द्याल का? मी हा प्रश्न एकदा सलग आठ स्टॉलवर विचारला. दोघांनी यादी काढून समोर ठेवली, एकाने फोन करून विचारलं, बाकीच्यांनी विषय बदलला. कुणाशी ओळख वाढवायची ते मला तिथेच कळलं.

नवखी
@पलीकडची बाजू, @डेटाशीट, खूप आभार. वहीत उतरवून घेतलं.

नभा
माझं थोडं वेगळं लिहिते. अकरा वर्षं ग्रिड जोडणीच्या अभ्यासाचं काम करते. सहकाऱ्याबरोबर स्टॉलवर गेलं की प्रश्न मी विचारते आणि उत्तर त्याला मिळतं. एकदा तर "तुमचे सर येतायत का?" असं विचारलं. मी ज्याच्याबरोबर होते तो माझ्याच टीममधला ज्युनिअर होता.

तेव्हापासून मी एकटी जाते, आणि बोलायला सुरुवात थेट कामाने करते. "कमकुवत ग्रिडवर, शॉर्ट सर्किट रेशो, म्हणजे प्लांटच्या क्षमतेच्या तुलनेत ग्रिडची ताकद, ३ च्या खाली गेल्यावर तुमचा ग्रिड फॉलोइंग, म्हणजे ग्रिडच्या मागे चालणारा इन्व्हर्टर स्थिर राहतो का? त्याचं संगणकावरचं मॉडेल देता का, आणि ते साइटवरच्या मोजणीशी ताडून बघितलंय का?" यावर समोरचा सावरून बसतो.

पण खरं तर असं सिद्ध करत बसायची वेळ येऊच नये. स्टॉलवर उभं राहणारे इथे वाचत असतील तर त्यांना कळकळीने सांगते, ज्याने प्रश्न विचारला त्याच्या डोळ्यांकडे बघून उत्तर द्या. एवढंच हवंय.

@नवखी, तू जाणार असशील तर मला निरोप टाक. बरोबर फिरू.

पलीकडची बाजू
@नभा, आमच्या टीमला हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

टिपकागद
अनोळखी माणसांशी बोलून काय होतं, यावर जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा म्हणणारे सुमारे १७ टक्के. अधूनमधून म्हणणारे ५६ टक्के. क्वचित म्हणणारे २८ टक्के. कारण सोपं आहे, आपल्या रोजच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं.

२०२२ साली सायन्स या नियतकालिकात याचीच मोठी चाचणी आली. लिंक्डइनवरचे २ कोटी लोक, पाच वर्षं. त्यात दिसलं की सर्वात उपयोगी ओळख मध्यम सैल असते. अगदी घट्टही नाही आणि नावापुरतीही नाही.

ऊनवारा यांची तीस कार्डं नावापुरत्या ओळखीत मोडतात. तीसऐवजी चार माणसं, पण वर्षातून दोनदा ज्यांना फोन करता येईल अशी.

रोखठोक
हे पटलं. पण त्यासाठी प्रदर्शनच का? इथे धाग्यावरही ओळखी होतातच की.

बॅटरीवाला
होतात. तरी समोरासमोर एक गोष्ट मिळते, ती म्हणजे उत्तराआधीची थांबलेली घटका. मी साठवणुकीच्या प्रकल्पांवर आहे. स्टॉलवर कुणी म्हणालं की "आमची बॅटरी यूएल ९५४०ए पास आहे", तर मी विचारतो, "पास म्हणजे काय?" ९५४०ए ही चाचणीची पद्धत आहे. सेल, मॉड्यूल, युनिट आणि बसवलेली जागा अशा पायऱ्यांनी आग कशी पसरते ते मोजायचं आणि आकडे द्यायचे. त्यात पास-नापास असं काही नाही. मग समोरचा थांबतो. त्या थांबण्यात तो जाणतो की नाही, आणि जाणत नसेल तर कबूल करतो की नाही, दोन्ही कळतं. ईमेलमध्ये हे कधीच कळत नाही.

विचारून पाहा: राउंड ट्रिप कार्यक्षमता, म्हणजे भरलेल्या विजेतली किती परत मिळते ते सांगताना, बॅटरी थंड ठेवणाऱ्या एसीची आणि पंपांची वीज धरलीय का? वॉरंटी वर्षांवर आहे की एकूण फिरवलेल्या ऊर्जेवर?

ऊनवारा
एवढे मनापासून लिहिलेले प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशीची रजा टाकली.

एक विचारतो. आमच्याकडे गेल्या चार महिन्यांत सात डीसी कनेक्टर जळाले. साहेबांचं म्हणणं, क्रॉस मेटिंग, म्हणजे पॅनलचा कनेक्टर एका कंपनीचा आणि आमच्या केबलचा दुसऱ्या. मलाही तेच वाटतं. यातला एक जळालेला कनेक्टर बरोबर नेऊन दाखवला तर चालेल का?

डेटाशीट
अवश्य न्या! क्रॉस मेटिंग वाईटच. आकार जुळतो, "टक" असा आवाजही येतो, पण धातूचा मुलामा, स्प्रिंगचा दाब, रबरी सील वेगळे. दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे कनेक्टर जोडू नका असं आयईसी ६२५४८ सांगतं. चांगल्या जोडाचा रोध अर्ध्या मिलिओहमहूनही कमी असतो. स्ट्रिंगमध्ये १३ अँपिअर असले तर उष्णता ०.१ वॅटसुद्धा होत नाही. तोच रोध ५० मिलिओहम झाला तर साडेआठ वॅट, आणि तेही बोटाएवढ्या बंद प्लॅस्टिकमध्ये.

करारनामा
थांबा. आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. प्लांट कुणाच्या मालकीचा, दोषाची माहिती बाहेर देण्याबद्दल करारात काय लिहिलंय, वॉरंटीचा दावा चालू आहे का, हे सगळं बघायला हवं. दाव्यातला पुरावाच तुम्ही खिशात घालून निघाल तर चांगल्या हेतूने गेलात तरी अंगाशी येईल. फोटो दाखवणार असाल तर सिरियल नंबर झाका आणि जागेची नोंद काढून टाका.

गिअरबॉक्स
@करारनामा, बरोबर आहे, पण इतकं घाबरवलं की लोक तोंडच उघडत नाहीत. सगळ्यांचे दोष सगळ्यांनी लपवले म्हणून तेच दोष दहा ठिकाणी पुन्हा घडतात. आमच्या क्षेत्रात यानेच माणसं जखमी झाली आहेत.

करारनामा
बोला, जरूर बोला. परवानगी घेऊन बोला एवढंच म्हणतोय. दोन ओळींच्या ईमेलने काम होतं.

ऊनवारा
ईमेल केला. सात नमुन्यांपैकी पाच दाव्यासाठी बाजूला ठेवले आहेत, एक कनेक्टर न्यायला हरकत नाही असं उत्तर आलं. प्लांटचं नाव सांगायचं नाही या अटीवर.

नवखी
मग तर मला पण बघायचाय तो!

*(पाच आठवड्यांनंतर)*

ऊनवारा
जाऊन आलो. उशिरा लिहितोय, कारण आल्यापासून साइटवरच आहे.

पहिला दिवस फारसा जमला नाही. दोन स्टॉलपर्यंत जाऊन परत फिरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला एका कनेक्टरच्या स्टॉलवर गेलो आणि काही न बोलता खिशातली पिशवी टेबलावर ठेवली. मागे बसलेले पन्नाशीचे एक गृहस्थ उठून पुढे आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो काळा झालेला तुकडा उजेडात धरला. मी म्हणालो, क्रॉस मेटिंग. ते म्हणाले, "असेल. पण हा बघा, वितळायला सुरुवात कुठून झालीय? पुढून, पिना जुळतात तिथून नाही. मागून, केबलच्या बाजूने."

दुसरं अर्धं जरा शाबूत होतं. त्यांनी त्याचा मागचा नट सोडवला आणि केबल दोन बोटांनी हलकेच ओढली. कॉन्टॅक्ट, म्हणजे धातूची पिन, आतच राहिला आणि तारा सुटून बाहेर आल्या. नुसत्या बोटांनी! तारांवर दाबाची खूण जवळपास नव्हतीच. "केबल ४ चौरस मिलिमीटरची आहे. टूलच्या डायमध्ये २.५, ४ आणि ६ अशा तीन खाचा असतात. कुणीतरी ६ च्या खाचेत दाबलंय." मग त्यांनी ड्रॉवरमधून टूल काढलं, मला एक क्रिम्प, म्हणजे तारांवर कॉन्टॅक्ट दाबून केलेला जोड, बरोबर करायला लावला, एक मुद्दाम चुकीचा, आणि दोन्ही ओढून बघायला सांगितले. बरोबरचा मला अंगाचा जोर लावूनही सुटला नाही.

ते कनेक्टरच विकतात. "सगळे आमचे बसवा" म्हणाले असते तर मी मान डोलावली असती. ते म्हणाले, क्रॉस मेटिंगही काढाच, पण आधी क्रिम्प तपासा, नाहीतर नवे कनेक्टरही असेच जळतील.

हे चालू असताना मागे चारपाच जण जमले होते. नभा आणि नवखी होत्याच. एकजण दुसऱ्या प्लांटचा देखभाल इंजिनिअर निघाला, त्याच्याकडेही गेल्या वर्षात तीन जळालेत. एक बाई केबल बसवणाऱ्या पथकांना प्रशिक्षण देणाऱ्या. बोलणं हॉल बंद व्हायची घोषणा होईपर्यंत चाललं, आणि मला एकदाही "आता काय बोलू" असं वाटलं नाही. घरी गेल्यावर त्याच रात्री चौघांना लिहिलं, कोण काय म्हणालं त्याच्या आठवणीसह. चौघांचीही उत्तरं आली. त्या बाई पुढच्या महिन्यात आमच्या पथकाला क्रिम्पिंग शिकवायला येतायत.

आल्यावर ज्या ओळीत कनेक्टर जळाले होते तिथल्या स्ट्रिंग बंद करून, वेगळ्या करून, वीस कनेक्टर उघडले. सहा क्रिम्प बोटांनी सुटले. सगळे एकाच कोपऱ्यातले, बहुधा एकाच माणसाच्या हातचे.

डेटाशीट
मी क्रॉस मेटिंगचा एवढा हिशेब मांडला आणि मूळ मागच्या बाजूला निघालं. हे मला शिकायला मिळालं, धन्यवाद. हिशेब मात्र क्रिम्पलाही तोच लागू आहे.

रोखठोक
फोटो बघून हे कुणाला सांगता आलं नसतं, हे मान्य. बाकी माझं मत कायम आहे, पण पुढच्या वेळी एक दिवस येईन म्हणतो.

गिअरबॉक्स
@ऊनवारा, बाकीच्या कोपऱ्यांचं काय? सगळे कनेक्टर उघडणार का?

ऊनवारा
नाही, उघडून जोडण्यातही नवे दोष घुसतात. आधी थर्मल कॅमेऱ्याने पूर्ण भारावर सगळे बघतोय, पॅनलच्या मागच्या बाजूने चालत. ऊन ६०० च्या वर असतानाच. रोज साधारण चाळीस स्ट्रिंग होतात. आतापर्यंत ३१० झाल्या, अजून अकरा संशयित सापडले. कॅमेरा धरायला उद्यापासून नवखी येतेय, तिच्या प्रोजेक्टसाठी.

नवखी
बूट आणि हेल्मेट घेऊन सात वाजता गेटवर :)